चार नंबरचा आलेख

सोमवार, ४ डिसेंबर २००६, कावासाकी

आज जेवताना विभाने शब्दशः हात जोडले. "शिरीष, पुरे कर. वरणभातात पण बास्केटबॉल? जे काय सांगायचंय ते वहीत लिही, वही ऐकून घेईल." म्हणून ही वही. बायकोने टाकलं की माणूस लिहायला लागतो.

तर झालं असं. सहा वर्षं जपानात मी गोदामांची सॉफ्टवेअर लिहिली. कुठला खोका कुठल्या फळीवर, एवढंच. आणि गेल्या आठवड्यात आमच्या अकरा माणसांच्या कंपनीचे मालक ओकुडा-सान मीटिंगमध्ये म्हणाले, "बास्केटबॉलमधलं कुणाला काही कळतं का?" माझा हात आपोआप वर गेला. पुण्यात कॉलेजकडून पाच वर्षं, विद्यापीठाकडून दोन. नऊ नंबरची जर्सी. अजून आमच्या ग्रुपमध्ये मला "नव्या" म्हणतात.

गिऱ्हाईक म्हणजे एक नवा व्यावसायिक क्लब. सतरा फेब्रुवारीला त्यांच्या लीगचा ड्राफ्ट आहे: कॉलेज संपवणाऱ्या पोरांमधून सहा क्लब पाळीपाळीने खेळाडू उचलणार. यांचा कोच अमेरिकेतून यायचा तो मार्चमध्ये येणार. तोवर सगळं नागुमो-सान नावाच्या मॅनेजरच्या गळ्यात. हा सज्जन गृहस्थ आधी पार्किंगच्या जागा भाड्याने देत होता. खेळातलं त्याला ओ की ठो कळत नाही आणि तो ते लपवतही नाही. त्याला प्रत्येक मुलाचा एक आकडा हवाय. हा मुलगा पुढे किती जाईल, त्याचा आकडा.

मी म्हटलं, देतो.

शनिवार, ९ डिसेंबर

तीन वर्षांच्या कॉलेज सामन्यांची स्कोअरशीट्स आली. दोनशे बेचाळीस सामने, सगळं फॅक्सवरून आलेलं, हातानं लिहिलेलं. मी जपानी बोलतो फाडफाड, भांडतोसुद्धा. पण वाचायचं म्हटलं की बोंब. आणि माणसांची नावं तर घाईघाईत लिहिलेली, कागदावर मुंग्या चिरडल्यासारखी. त्यापुढचा जर्सीचा नंबर मात्र स्वच्छ. म्हटलं, नावं गेली उडत. विद्यापीठ आणि नंबर, एवढी ओळख पुरे. आमच्याकडे खेळाडूचा नंबर म्हणजे खेळाडूच. आईसुद्धा माझी पत्रिका नऊ अंकाशी जुळवून बघायची.

मिताली मागे येऊन उभी राहिली. "बाबा, मी नावं वाचून देऊ? मला येतं."

"तू गणितं कर."

तिला आज शाळेच्या बास्केटबॉलच्या चमूत जर्सी मिळाली. सातवीत आहे. सतरा नंबर! मी म्हटलं, सतरा काय, शेवटून दुसरा? सरांना सांग, मला चार द्या, नंबर तिथूनच सुरू होतात, नाहीतर निदान नऊ तरी. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही मी देवळात चपला घालून शिरलोय.

"बाबा, चार असा मागायचा नसतो."

"का? मागितल्याशिवाय आईपण जेवायला वाढत नाही."

"मला सतरा आवडतो," असं काहीतरी जपानीत पुटपुटून गेली. या पोरीत महत्त्वाकांक्षा म्हणून नाही. इथल्या शाळांनी मुलांना रांगेत उभं राहायला छान शिकवलंय, रांग मोडायला कोणी शिकवत नाही.

शुक्रवार, १५ डिसेंबर

सापडला!

शेवटच्या वर्षातल्या एकसष्ट मुलांमध्ये एकाचाच आलेख असा चढतो की बघत राहावं. सेंदाईच्या एका विद्यापीठाचा चार नंबर. २००४ मध्ये बरा, २००५ मध्ये चांगला, २००६ मध्ये त्याहून. गुण, पास, रिबाउंड, सगळं एका रेषेत वर. बाकीची पोरं एक वर्ष वर, एक वर्ष खाली, मध्येच गायब. हा आपला जिने चढावेत तसा. मी रेषा पुढे दोन वर्षं वाढवून पाहिली. सत्त्याऐंशी! दुसरा आलेला मुलगा बहात्तर.

गंमत म्हणजे बऱ्याच विद्यापीठांचे चार नंबर वरच्या यादीत आहेत. चार नंबर इथे शुभ दिसतोय. आणि ही माणसं म्हणे चार अशुभ मानतात, हॉस्पिटलात चौथी खोली नसते! ओकुडा-सानना ही गंमत सांगितली तर ते फक्त "हो का," म्हणाले. त्यांना कुठल्याच खेळाचं वेड नाही.

विद्यापीठाला फोन करून या वर्षीच्या चार नंबरचं नाव विचारलं. किरिहारा. उंची एक मीटर अठ्ठ्याहत्तर. गुरुवारी सेंदाईला जातोय, स्वतःच्या डोळ्यांनी बघायला.

गुरुवार, २१ डिसेंबर, परतीच्या शिनकानसेन बुलेट ट्रेनमध्ये

सेंदाईत बर्फ. जिममध्ये हीटर नाही, पोरांच्या तोंडातून वाफा. कोच साठीचे, गळ्यात टॉवेल. मी म्हटलं, किरिहाराला बघायला आलोय. कोचनी दोनदा विचारलं, "किरिहारा? किरिहाराच ना?" मग म्हणाले, "चांगला मुलगा आहे. कष्टाळू. पण..." आणि वाक्य तिथेच ठेवलं. घरच्या पोराचं कौतुक परक्यासमोर करायचं नाही ही इथली रीत. मी मनात म्हटलं, लपवा लपवा, माझ्याकडे आकडे आहेत.

दोन तास पाहिला. आता वहीशी खोटं कशाला बोलू? पाय जड आहेत. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, इथे तर बावीस वर्षांच्या घोड्याचे कोर्टावर दिसत होते. डावीकडे वळताना अर्धं पाऊल उशीर. पास मात्र काय देतो! ज्याला द्यायचा त्याला स्वतःला कळायच्या आत चेंडू त्याच्या हातात. ओरडून ओरडून बाकीच्यांना जागेवर लावतो. सराव संपल्यावर सगळ्यांबरोबर फरशी पुसली, कॅप्टन असून. पण व्यावसायिक? मला क्षणभर वाटलं, नाही. मग स्वतःला दटावलं. शिऱ्या, एका दिवसाच्या सरावावरून तू तीन वर्षांचा आलेख खोटा पाडणार? तुझे डोळे पुण्यातले, वीस वर्षांपूर्वीचे.

नंतर त्याला लॅपटॉपवर आलेख दाखवला. खाली वर्षं, वर रेषा, बाजूला मोठ्ठा ४. पोरगा कितीतरी वेळ बघत राहिला. मग विचारलं, "हा मी आहे का?"

"तूच. दुसरं कोण?"

त्याने २००४ वर बोट ठेवलं. काहीतरी बोलणार होता. ओठ हलले, पण बोलला नाही. कान लालबुंद झाले. मग मांडीवर हात ठेवून खाली वाकला आणि म्हणाला, "पुन्हा एकदा दाखवाल का?" पुन्हा दाखवला. कौतुकाची सवय नसली की असं होतं बिचाऱ्यांचं.

त्याला नोकरीचं वचन मिळालंय, नाइतेइ. सेंदाईतच एक औषधांची घाऊक कंपनी, एप्रिलपासून. वडील नाहीत, आई शाळेच्या स्वयंपाकघरात. त्याने विचारलं, "माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं?"

आणि मी काय करावं? त्याला सिंहगड सांगितला. माझ्या मोडक्या जपानीत. घोरपड गाळली, तेवढे शब्द नव्हते. किल्ला, रात्र, दोर लावून चढलेले मावळे, सरदार पडला तशी पळू लागलेली माणसं, आणि मागे जाऊन दोर कापून टाकणारा म्हातारा. "परतीचे दोर कापले तेव्हा लढले," म्हटलं. "अर्धा पाय नोकरीत आणि अर्धा मैदानात ठेवून ड्राफ्टला उभं राहता येत नाही."

तो म्हणाला, "कळलं."

मला स्वतःलाच भरून आलं.

मंगळवार, २६ डिसेंबर

रिपोर्ट गेला. पहिल्या पानावर किरिहारा. नागुमो-साननी दोन्ही हातांनी घेतला आणि आमच्यासमोर पहिलं पान नीट वाचलं. म्हणाले, "याचं नाव बाकीच्या क्लबांच्या तोंडून ऐकलंच नव्हतं." मी म्हटलं, "म्हणूनच तर." ओकुडा-सान इतके खूश की परत येताना मला स्टेशनवर गरम कॉफीचा डबा स्वतः काढून दिला. सहा वर्षांत पहिल्यांदा. पुढच्या वर्षी सगळ्या लीगसाठी हेच करू म्हणतात.

विभाला सांगितलं. ती म्हणाली, "तू त्या मुलाला नोकरी सोडायला सांगितलंस?"

"सांगितलं नाही. गोष्ट सांगितली."

"तेच ते."

सोमवार, ८ जानेवारी २००७

किरिहाराची मेल. मला वाचता यावी म्हणून सगळी सोप्या अक्षरांत, पहिलीच्या पोराला लिहावी तशी. लिहितो: कंपनीत स्वतः जाऊन आलो. पद्धतीप्रमाणे मिठाईचा खोका नेला आणि वचन परत केलं. साहेब रागावले नाहीत, पण खोका उघडला नाही. कॉलेजच्या नोकरी-विभागाचे सर म्हणाले, पुढच्या वर्षी या विद्यापीठाच्या मुलाला ती कंपनी घेणार नाही, तुझ्यामुळे. आईला सांगितलं. ती म्हणाली, तू ठरवलंयस तर ठीक. मी दोर कापला.

एवढंच. मी तीनदा वाचलं. अभिमान वाटला आणि काळजीही. इथे एकदा पदवीच्या वर्षी नोकरी हुकली की पुढे दार अर्धं बंदच, हे मला माहीत आहे. ओकुडा-सानचा भाचा चार वर्षं कन्वीनियन्स स्टोअरमध्ये रात्रपाळी करतोय त्याच कारणाने.

पण सत्त्याऐंशी म्हणजे सत्त्याऐंशी. आकडा काही आपल्या मामाचा नाही.

शनिवार, २७ जानेवारी

लिहायची इच्छा नाही. लिहितो तरीही.

मितालीचा सामना होता, आंतरशालेय. पहिल्यांदाच गेलो बघायला. विभा म्हणाली होती, दुसऱ्यांच्या पोरांना बघायला सेंदाईला जातोस, हिची शाळा तर सायकलच्या अंतरावर आहे. मिताली शेवटची चार मिनिटं खेळली. नंतर डबा खाताना मी म्हटलं, "तुमची ती चार नंबरची मुलगी भारी आहे गं. गेल्या वर्षी पण तीच होती ना?"

"नाही बाबा. गेल्या वर्षीचा चार म्हणजे आयाका-सेनपाई, वरच्या वर्गातली ताई. ती नववी झाली, गेली."

"मग हिने तिचा नंबर कसा घेतला?"

"घेतला नाही, मिळाला. चार म्हणजे कॅप्टन. पाच म्हणजे उपकॅप्टन. मग मोठ्यांपासून लहानांपर्यंत. दरवर्षी नवीन वाटतात." आणि मग माझ्या चेहऱ्याकडे बघून, जपानीत, हळूच: "बाबा, हे सगळ्यांना माहीत असतं."

"कॉलेजात पण?"

"बऱ्याच ठिकाणी. का?"

मी डबा तसाच ठेवून उठलो. 

रविवार, २८ जानेवारी

सकाळपासून मिताली माझ्या शेजारी बसून स्कोअरशीटवरची नावं वाचतेय. मीच बोलावलं. डिसेंबरात "गणितं कर" म्हणून हाकलली होती, ते तिने काढलं नाही. काढलं असतं तर बरं वाटलं असतं.

सेंदाई, चार नंबर. २००४: होंदा. २००५: ओतोमो. २००६: किरिहारा.

तीन वेगळी माणसं. तीन कॅप्टन. दरवर्षी संघातला सगळ्यात वरचा एक, आणि त्यांच्यावरून मी एक रेष ओढली आणि तिला एका पोराची प्रगती म्हटलं. एकसष्टमधल्या बहुतेक मुलांचं हेच. काही विद्यापीठांत नंबर बदलत नाहीत, तिथे चुकून बरोबर आलंय, तेवढंच.

किरिहारा २००४ मध्ये अठरा नंबर होता. पूर्ण वर्षात अकरा मिनिटं खेळला. २००५ मध्ये तेरा नंबर, बाकावरच जास्त. या वर्षीच काय तो खेळलाय. नव्याने हिशेब केला. एकसष्टात एकेचाळिसावा.

हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात. माझे डोळे त्या दिवशी त्या जिममध्ये मला ओरडून सांगत होते. मी त्यांना गप्प केलं, आणि कोचसुद्धा सांगत होता, आणि मी म्हटलं लपवतोय.

मितालीने विचारलं, "आता तू त्यांना सांगणार ना?"

"हो."

मंगळवार, ३० जानेवारी

ओकुडा-सानना सांगितलं. मीटिंगच्या खोलीचं दार लावून, उभ्याउभ्या. त्यांनी ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला. म्हणाले, आता सांगितलं तर क्लबला दोन आठवड्यांत सगळं पुन्हा करावं लागेल आणि आपलं नाव जाईल. नागुमो-सानची पण अडचण होईल, त्यांनी आपल्या वरिष्ठांना रिपोर्ट दाखवलाय. ड्राफ्ट झाल्यावर पुढच्या आवृत्तीत शांतपणे दुरुस्त करू. "कुणाचं नुकसान होणार नाही."

मी म्हटलं, ज्याला घेतील तो मुलगा?

"त्याचा तर फायदाच आहे."

मी दार उघडून जागेवर येऊन बसलो. 

सोमवार, ५ फेब्रुवारी

रोज मिताली शाळेतून आली की विचारते, सांगितलंस? मी म्हणतो, उद्या. परवापासून तिने विचारणं सोडलंय. ते जास्त लागतं.

विभाचं म्हणणं साधं आहे. "आधी त्या मुलाकडे जा. आयुष्य त्याचं आहे. त्याला सांग आणि विचार, काय करू. मग क्लबचं बघ."

"आणि तो म्हणाला गप्प राहा, तर?"

"तर तुला कळेल तो काय म्हणतोय ते."

मला पटत नाही. मी त्याच्यासमोर जाणार तर स्वच्छ तोंडाने जाणार. खरं सांगून टाकलंय, आता तुझी माफी मागतो, असं. लबाडी खिशात ठेवून माफी कसली मागायची? आमच्या घरात असलं चालत नव्हतं. आमच्या वडिलांनी, अण्णांनी, एकदा बसचं तिकीट काढायचं राहिलं म्हणून डेपोत जाऊन पैसे भरले होते.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

सकाळी आठ चाळीसला मेल पाठवली. नागुमो-सान, प्रत ओकुडा-सानना. सगळं लिहिलं, काही झाकलं नाही. किरिहाराचा आकडा, खरा क्रमांक. चूक माझी एकट्याची.

ओकुडा-सान दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. बाकीचेही मान खाली घालून. नोकरी राहील असं दिसत नाही, व्हिसा ऑगस्टपर्यंत आहे. पण खरं सांगू? दोन आठवड्यांनी आज पहिल्यांदा नीट जेवलो. मितालीला म्हटलं, सांगितलं. ती माझ्या गळ्यात पडली. एवढी मोठी झाल्यापासून पहिल्यांदा.

उद्या सेंदाई.

शनिवार, १० फेब्रुवारी, शिनकानसेनमध्ये

मी गाढव आहे. नाही, गाढव बिचारं कुणाचं वाईट करत नाही.

स्टेशनजवळच्या कॉफीच्या दुकानात भेटलो. मी चूक सांगायला सुरुवात केली. चार नंबर, होंदा, ओतोमो. त्याने मला मध्येच थांबवलं. जपानी मुलगा मोठ्या माणसाला मध्येच थांबवत नाही. त्याने थांबवलं.

"मला माहीत होतं," म्हणाला. "तुम्ही आलेख दाखवलात त्याच दिवशी कळलं. २००४ चा चार म्हणजे होंदा-सेनपाई. मी तेव्हा पाण्याच्या बाटल्या भरत होतो."

मी कप खाली ठेवला.

"सांगणार होतो. खरंच. पण माझ्यासाठी कोणी कधी रेष काढली नव्हती. मी रात्रभर विचार केला. मला वाटलं, कागदाने एकदा दारातून आत ढकललं तर पुढचं मी धावून काढीन. पहाटे पाचला उठतो आता. डावीकडचं वळण सुधारलंय. मोजतो मी." मग दोन्ही हात टेबलावर ठेवून इतका वाकला की कपाळ कपाला लागलं. "क्लबला सांगू नका. सतरा तारखेपर्यंत. नंतर मी स्वतः सांगीन, हवं तर हाकलू देत. आईला काही माहीत नाही. माझ्याकडे आता दुसरं काही नाही."

दुसरं काही नाही ते माझ्यामुळे. सिंहगड मी सांगितला होता.

आणि मेल जाऊन चोवीस तास उलटले होते.

सांगायला हवं होतं. "उशीर झाला रे, कालच सांगून बसलो." एवढं वाक्य. शब्द सगळे येतात मला. पण त्याने मान वर केली तेव्हा त्याचा चेहरा असा होता की माझ्या तोंडून निघालं, "बरं. नाही सांगत."

तो रडला. प्लॅटफॉर्मपर्यंत सोडायला आला. गाडी सुटेपर्यंत वाकलेला होता.

विभा म्हणाली होती, आधी त्याला विचार. मला स्वच्छ तोंडाने जायचं होतं. झालं तोंड स्वच्छ.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

नागुमो-सानचा फोन. मी धावत त्यांच्या ऑफिसात. मनात एकच, काहीही करून त्या पोराचं नाव यादीत राहू दे. देव पाण्यात घालून बसलोय म्हटलं तरी चालेल.

नागुमो-सान रागावले नव्हते. तेच वाईट. स्वतः चहा आणला. म्हणाले, "तुम्ही सांगितलंत, आभारी आहे. रिपोर्ट बाजूला ठेवतो. पण तुम्ही स्वतः खेळलेले आहात, आणि आमच्या बाजूने या मुलाला प्रत्यक्ष पाहिलेले तुम्ही एकटेच. मला खेळ कळत नाही. आकडे सोडा. तुमचे डोळे काय म्हणतात? शेवटच्या फेरीत एक जागा आहे. तुम्ही म्हणालात तर घेतो."

देवा, असं हातात कशाला देतोस?

मी सांगितलं. पास कसे देतो, बाकीच्यांना कसा लावतो, फरशी कशी पुसतो. पहाटे पाचला उठतो. भडाभडा बोललो. त्यांनी सगळं लिहून घेतलं. मग पेन ठेवून विचारलं, "म्हणजे तो इथे टिकेल?"

हो म्हणायचं होतं. एक अक्षर. आधीच एकदा खोटं बोललो होतो, एकदा खरं, दोन्हीने त्याचंच वाटोळं केलं होतं. तिसऱ्यांदा काय बोलायचं तेच कळेना. मला तो डावीकडे वळताना दिसला, ते अर्धं पाऊल. आणि क्लब आणेल त्या मोठ्या अमेरिकन पोरांमध्ये उभा असलेला दिसला, बाकावर, पाण्याच्या बाटल्यांपाशी, तेविसाव्या वर्षी पुन्हा.

"पाय जड आहेत," म्हणालो.

नागुमो-साननी मान हलवली. नावावर रेघ मारली नाही, फक्त वही मिटली.

खरं बोललो का भेकडपणा केला, मला माहीत नाही. विभाला अजून सांगितलेलं नाही.

शनिवार, १७ फेब्रुवारी

तोक्योला हॉटेलचा हॉल. आमंत्रण असलेली पोरं आईवडिलांसकट बसलेली. किरिहारा चौथ्या रांगेत, नोकरीच्या मुलाखतींसाठी घेतलेल्या काळ्या सुटात. शेजारी त्याची आई, लहानखुरी, पर्स मांडीवर घट्ट धरून. त्याने मला लांबून पाहिलं आणि छोटीशी मान लववली, दोघांतलं गुपित असल्यासारखी.

मी यायलाच नको होतं. ओकुडा-सान म्हणाले होते, येऊ नका. पण न जाणं म्हणजे घरात लपून बसणं, आणि तेवढं मला जमलं नाही.

सहा क्लब, चार फेऱ्या, चोवीस नावं. प्रत्येक नाव पुकारलं की एक पोरगा उठायचा, टाळ्या, टोपी. पहिल्या फेरीत तो ताठ बसला होता. दुसऱ्या फेरीत पण. तिसरी सुरू झाली तेव्हा त्याने आईला काहीतरी हळूच सांगितलं आणि ती हसली. चौथ्या फेरीत आमच्या क्लबची पाळी आली. नागुमो-सान माइकपाशी गेले. किरिहाराने दोन्ही तळवे मांड्यांवर पुसले.

दुसरंच नाव होतं. ओसाकाचा कोणी उंच मुलगा.

त्यानंतर तीन नावं झाली, पण त्याने वर पाहिलं नाही. टाळ्या मात्र प्रत्येकासाठी वाजवल्या.

मी निघून जाणार होतो, लिफ्टपाशी गाठलंच त्याने. आई मागे दोन पावलांवर. मी म्हटलं, "किरिहारा-कुन..." 

तो वाकला. नीट, पूर्ण. वर आला तेव्हा चेहरा शांत होता. त्या शांतपणाचीच मला भीती वाटली.

"तुम्ही शब्द पाळलात," आईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला. "आभारी आहे. मला आता स्पष्ट झालं. होंदा-सेनपाई आणि ओतोमो-सेनपाई, दोघांचे आकडे माझ्या नावावर असूनही मला कोणी घेतलं नाही. म्हणजे कागदाचा प्रश्न नव्हता. माझ्यातच नाही काही. हे कळलं ते बरं झालं. आता चेंडूला हात लावणार नाही."

बोल, शिऱ्या. तो कागद आठ दिवसांपूर्वीच रद्द झाला होता, मीच केला होता. मला विचारलं तेव्हा मीच नाही म्हटलं. तुला कोणी तोललंच नाही रे, एका माणसाने तोललं, आणि त्या माणसाचे सगळे हिशेब चुकलेले आहेत. एवढं बोललो असतो तर तो मला थोबाडीत मारून गेला असता, आणि उद्या पहाटे पाचला, रागाने का होईना, उठला असता.

मी म्हणालो, "काळजी घे."

त्याची आई पुढे आली. मुलासाठी सेंदाईपर्यंत दोनदा आलात, फार त्रास घेतलात, म्हणाली. तिला सगळं कळत असावं की काहीच नाही, मला सांगता आलं नाही. मग लिफ्ट आली. दोघं आत गेली, मी बाहेरच राहिलो. म्हटलं, मी मागून येतो.